न पाहिलेल्या गमतीचं परीक्षण

कोकिळाबाईंचा स्वतःचा आवाज घोगरा. आईबापांनी नाव ठेवताना घाई केली, असं त्या स्वतःच सांगत. पण कान असा की ढोलकीची शाई उतरलेली त्यांना मांडवाबाहेरूनच कळायची. वर्ध्याच्या कापडदुकानदाराची ही मुलगी सव्वीस वर्षं ‘दैनिक धामकाठ’च्या कलेच्या पानावर लिहीत होती. भजनाच्या स्पर्धा, नाटकं, दंडारीसारखी लोकनाट्यं, सगळ्यांवरच लिहायच्या, पण जीव खडी गमतीवर. डफ-ढोलकी-तुणतुण्यावर उभ्यानं गायची ही शाहिरी ऐकायला त्या स्कूटीवरून गावोगाव जात आणि शेवटचं कवन संपेपर्यंत सतरंजी सोडत नसत. म्हणून तर शाहीर मंडळी त्यांना वचकून असत.

अशा बाईला शिकवायला निघाला कोण, तर गजेंद्र. नागपूरहून आलेला नवा संपादक, वय बत्तीस, जन्मात एक गंमत धड पाहिलेली नाही. त्यानं सावंगीत हॉल घेऊन सगळ्या बातमीदारांना दोन दिवस एआय शिकवायला बसवलं. बाईंनी पहिल्याच तासाला यंत्राला विचारलं, खडी गंमत म्हणजे काय? उत्तर आलं, उभं राहून सांगायच्या विनोदांचा कार्यक्रम. बाई भर हॉलमध्ये म्हणाल्या, “याले काई समजत नाई, अन् समजत नाई हे बी याले समजत नाई!”

“ताई, त्याले शिकवा लागते,” गजेंद्र म्हणाला.

आणि न विचारता त्यानं बाईंची सव्वीस वर्षांची कात्रणं त्या यंत्राला खाऊ घातली. महिनाभरात ते हुबेहूब बाईंसारखं लिहायला लागलं. तोच ठसका, तेच टोमणे. चोरानं आपलंच लुगडं नेसून आपल्याच दारात यावं, तसं बाईंना वाटलं. त्यांनी त्या यंत्राला शिव्या घातल्या, गजेंद्रला त्याहून जास्त. पण आठवड्याला सात परीक्षणं हवीत असा हुकूम होता आणि सातासाठी सात संध्याकाळी कुठून आणणार? अडला हरी म्हणतात तसं झालं. बाई कळ दाबायला शिकल्या. गेलेल्या कार्यक्रमाची टिपणं द्यायची, यंत्रानं मजकूर करायचा, आपण तपासायचा. न पाहिलेलं काही त्याला लिहू द्यायचं नाही, एवढी लक्ष्मणरेषा त्यांनी आखली होती.

अंजूचा फोन आला तो या दिवसांत. हिंगणीचे शाहीर चिंधू दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांची ही मुलगी. “कोकिळाताई, शनवारी दुपारी गंमत हाय. मी डफ धरून राह्यली. पयल्यांदा. गावातले लोक हासून राह्यले, बाईची गंमत कोन पाह्यते म्हनतात. तुमी येजा. तुमी लिवलं त मले कोनी हासनार नाई.”

“येतो ना बाई,” कोकिळाबाईंनी शब्द दिला.

शुक्रवारी गजेंद्रनं फर्मावलं, शनिवारी तळेगावच्या कला महोत्सवाला जायचं, मालकाच्या पाहुण्यांनी भरवलेला आहे. तळेगाव एका टोकाला, हिंगणी दुसऱ्या. बाई भांडल्या, पण गेल्या तळेगावलाच. नोकरी होती. तिथं भाषणांवर भाषणं झडत होती. त्यांनी मोबाइल काढला, अंजूनं पाठवलेल्या हँडबिलाचा फोटो यंत्राला दिला आणि लिहिलं, या गमतीचं परीक्षण कर. लक्ष्मणरेषा त्यांनी स्वतःच्या पायानं पुसली.

मजकूर आला. पहिल्या दोन ओळी अशा झकास होत्या की बाई गालात हसल्या. हसणारच, वाक्यं त्यांचीच होती. आपला तो बाब्या! पुढचं न वाचता त्यांनी मजकूर ऑफिसला पाठवून दिला.

आता हँडबिलाची गोष्ट. आपल्याकडे गमतीच्या हँडबिलावर गाणाऱ्यांची पार्टी तिच्या उस्तादाच्या नावानं छापतात. उस्ताद जिवंत असो की जाऊन वीस वर्षं झालेली असोत, ठळक नाव त्याचंच. गाणारा खाली बारीक अक्षरांत. खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. यंत्राला नव्हतं. त्यानं ठळक नाव पाहिलं, बाईंच्या कात्रणांतून चिंधू शाहिरांची जुनी परीक्षणं उपसली आणि रविवारच्या पानावर, कोकिळाबाईंच्या नावाखाली छापून आलं की चिंधू शाहिरांनी हिंगणी गाजवली, या वयातही डफावरची थाप तीच. अंजूचं नाव कुठंच नव्हतं. चिंधूंचा मृत्युलेख ज्या बाईंनी लिहिला होता, त्यांनीच त्यांना पुन्हा उभं केलं होतं.

पेपर पाहिल्याबरोबर बाई स्कूटी घेऊन हिंगणीला निघाल्या. अंजू अंगणात तूर पाखडत होती. तिनं बसा म्हटलं नाही. पाणी दिलं नाही.

“अंजू, चुकलं माह्यं. उद्या दुरुस्ती छापतो.”

“सकाळपासून लोक इचारून राह्यले, काय वो, बुढा केव्हा आला वरतून?” अंजूनं सूप खाली आपटलं. “ताई, बाबा जिते होते तवा मले डफाले हात लावू देत नोहते. पोरीच्या हाती डफ पाह्यला त घराबाहीर काढीन म्हनत. ते गेले तवा कोठं मले डफ भेटला. अन् तुमी काय केलं? मेलेल्या मानसाले उठवून आनलं अन् माह्या हातचा डफ पुन्हा त्याच्या हाती देल्ला.”

बाईंनी पर्समधून वही काढली. “आत्ता गाऊन दाखव. मी आयकतो, सगळं लिवतो.”

“गंमत शनवारी होती,” अंजू म्हणाली आणि घरात निघून गेली.

ऑफिसात गजेंद्र हसतमुख बसला होता. “टेन्शन काऊन घेता ताई? दुरुस्ती तयार हाय. तुमच्याच स्टाइलमधी. अंजूनं कशी बहार आनली, लोकं कशी डोलली, सगळं लिवलं त्यानं. फक्त बघून घ्या.”

“त्यानं पाह्यलं काय? तू पाह्यलं काय?” बाई अशा ओरडल्या की शेजारचे बातमीदार उठून उभे राहिले. मग त्या खुर्चीत बसल्या, कोरा कागद ओढला आणि पेनानं लिहिलं: ‘शनिवारी हिंगणीत शाहीर अंजू हिनं प्रथमच डफ धरून गंमत सादर केली. तिच्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी निधन झालं आहे. रविवारचं परीक्षण खोटं होतं. तिथं मी गेले नव्हते.’ खाली सही केली.

गजेंद्रनं कागद उलटसुलट पाहिला. “एवढंच? पानावर तीनशे शब्दांची जागा हाय ताई. ती कशी गायली, ते तरी लिवा.”

“ते मले मालूम नाई,” बाई म्हणाल्या.