कॉरोनरच्या ताब्यातली आई

इकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या घरी आई दुपारी सोफ्यावर टेकली ती उठलीच नाही. ॲम्ब्युलन्सवाले येऊन 'गेल्या' म्हणाले, पोलिसांची वाट बघा म्हणाले. तोवर हात लावू नका असंही म्हणाले असतील. ऐकायची शुद्ध कुणाला होती? बाबांनी आणि मी तिला जमिनीवर घेतलं, तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. माणूस गेलं की आपण दुसरं करतो काय?

झालं! पोलीस आला. माणूस सभ्य. सोफ्यावर गेल्या तर जमिनीवर कशा? तोंडात काय घातलं? बाटली कसली? मी सांगत होते, तो लिहून घेत होता आणि वर मला 'यू आर ग्रँड', म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणत होता. डोंबलाचं ग्रँड! आई-बाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेले, इथल्या एकाही डॉक्टरने आईला तपासलेलं नाही. म्हणून प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. शवविच्छेदन होणार. परवानगी विचारत नाहीत, नुसतं कळवतात.

त्यात लाँग वीकेंड, सोमवारीही सुट्टी. आई शवागारात, आणि अग्नी दिल्याशिवाय बाबा अन्नाला हात लावेनात. मधुमेही माणूस. साखर उतरायची, मी ओरडायचे. मग ते दुधाचे दोन घोट घ्यायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. नागपूरहून काकांचा रोज फोन, कुणाला तरी धरून बघ म्हणून. कुणाला धरू? इथे ओळख चालत नाही, आरडाओरडा चालत नाही. कॉरोनरच्या ऑफिसातली बाई गोड आवाजात सॉरी म्हणते आणि मंगळवारी बोलू म्हणते. त्या गोडपणानेच माझ्या डोक्यात तिडीक जायची. इकडे दुसरा माणूस हातचा जाईल, त्याचं काय?

मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला. शवविच्छेदन झालं, हृदयविकारच होता, आता आईला न्यायला हरकत नाही. मी साठलेलं सगळं ओकायला सुरुवात केली, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. कापाकापीबद्दल इतक्या दिवसांत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"भांडू नको. तिले नीट शिवलं का, तेवढं इचार."

मी विचारलं. बाई म्हणाली, हो, अगदी काळजीने. मी बाबांना सांगितलं. ते बरं म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले.