भरेल पोट

आमच्या तळोद्याकडच्या गावात कुणाच्या गुराचं कौतुक करायचं तर "भरेल पोट शे" म्हणतात. आमच्या कालवडीबद्दल हे शब्द कानावर पडले की माझ्या सासूबाई दिवसभर खुशीत. कालवडीचं पोट खरंच मडक्यासारखं गोल होतं. पाठीची हाडं मात्र वर आलेली. ती मला दिसायची, पण नव्या सुनेनं बोलायचं कशाला?

मग शेजारच्या गोठ्यात लम्पी आली आणि माझी झोप उडाली. त्यांच्या बैलाच्या अंगभर गाठी, पाय सुजलेले. मध्ये फक्त कुडाची भिंत. सासूबाई निवांत. "आपली वासरीले काही व्हवाव नही. तिना कानमा बिल्ला शे ना!" बिल्ला लागला म्हणजे लस टोचली आणि लस टोचली म्हणजे विषय संपला, असा त्यांचा हिशेब.

शेजारी आलेल्या गुरांच्या डॉक्टरांना मी जवळजवळ ओढूनच आमच्याकडे आणलं. त्यांनी कालवडीची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक.

"हे पोट चाऱ्याचं नाही, जंतांचं आहे," ते म्हणाले. "जंत फार दिवस मुक्काम ठोकून बसले की शरीर त्यांच्याशी जुळवून घेतं, रोगाशी लढायचा आपला जोर आवरतं. मग लस टोचली तरी ती पुरेशी लागू पडतेच असं नाही. हिला किती लागू पडली, मला सांगता येणार नाही." आधी जंताचं औषध द्या, अंग सावरलं की पुढची लस टोचू, असं त्यांनी सांगितलं.

सासूबाई आडव्या आल्या. "औषध नको. पोट उतरी जाई. लोके काय म्हनतीन?"

माझं डोकं फिरलं. "मग लोकांनाच बांधा गोठ्यात!" डॉक्टरांसमोरच बोलून गेले. सासूबाईंनी पुढे होऊन कालवडीचं तोंड वर धरलं. मी औषध पाजलं.

त्यानंतर जीव नुसता टांगणीला. शेणातून जंत पडत होते, पोट उतरत होतं आणि पलीकडे बैल कण्हत होता. रोज सकाळी मी कालवडीच्या अंगावरून हात फिरवायची. एकदा मानेखाली गाठ लागली. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी केस बाजूला सारले, चिमटीत धरून ओढलं. गोचीड होती. मला हसू फुटलं, पण त्या तिथंच मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

गाठी आल्या नाहीत. लसीनं वाचवलं की नशिबानं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पुढे दुसरी लसही झाली. एका दुपारी शेजारीण कुडावरून डोकावली. "माय व! तुमनी वासरी कितली वाळी गई!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चारा टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाळनी नही ती. आते एकलीच खाई ऱ्हायनी."