वन्संच्या ढवळीचं टोचन

आमच्या थोरल्या वन्सं, म्हणजे आमच्या यांची मोठी बहीण, जन्मात एकदाही चुकल्या नाहीत. घरात चुकायचं खातं माझ्याकडं होतं आणि ते मी लग्न झाल्यापासून मन लावून सांभाळलं. त्यातली सगळ्यात भव्य चूक म्हणजे वन्संचा बंद पडलेला ट्रक मी दुसऱ्या ट्रकला बांधून, म्हणजे टोचन करून, अजिंठ्यापासून ओढत आणला आणि त्याचा गिअरबॉक्स भाजून काढला. मला गाडी येत नव्हती, सायकलसुद्धा येत नव्हती. पण मी मॅट्रिक पास होते, आणि त्या वयात तेवढ्या भांडवलावर माणूस कशातही हात घालतो. वन्सं मला हाकच मुळी 'मॅट्रिक' म्हणून मारायच्या.

वन्संचं न चुकणं साधंसुधं नव्हतं. दूध उतू गेलं तर दूध उतावळं, भाकरी करपली तर तवा आगाऊ. एकदा गुलमंडीच्या बाजारात लुगडी घ्यायला म्हणून त्या मला ज्या दुकानात घेऊन शिरल्या, तिथं पितळी भांडी निघाली. दुसरं कुणी असतं तर हसून बाहेर पडलं असतं. वन्संनी गादीवर बसकण मारली आणि मालकाला विचारलं, "कापड कवा बंद केलंत?" तो बिचारा म्हणाला, "बाई, आजोबांपासून भांडीच विकतोय आम्ही." "मंग आजोबाचंच चुकलं," असं म्हणून वन्सं एक तांब्या घेऊन उठल्या. लुगडं त्या वर्षी राहिलंच.

त्यांच्या सासरी मेंढरं होती. नवरा गेला, चराईची रानं एकेक करून कारखान्यांच्या कुंपणात गेली. चिकलठाण्याला रोज नवं धुराडं उठायचं ते दिवस. वन्संनी डोळ्यांतून टिपूस न काढता अख्खा कळप विकला, ट्रक घेतला आणि गारखेड्याला आमच्या शेजारी येऊन राहिल्या. ट्रकचं नाव ठेवलं ढवळी. रंग निळा होता, पण त्यांच्या सगळ्यात गुणी मेंढीचं नाव ढवळी होतं, त्यामुळं रंगाचं कुणी काही विचारायचं नाही. ढवळीचे नियम होते. चाकांना हळद. अमावस्येला बॉनेटवर गुळाचा खडा. दक्षिणेकडं तोंड करून उभी करायची नाही. घाट चढून आली की घटकाभर तिच्यापाशी मोठ्यानं बोलायचं नाही, तिला धाप लागलेली असते. आणि बंद पडली तर शेपूट सोडवल्याशिवाय ओढायची नाही. शेपूट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब लोखंडी दांडा, ड्रायव्हर लोक ज्याला शाफ्ट म्हणतात. "वढताना शेपूट आत फिरत ऱ्हातंय अन् जनावराचं आतडं पीळ खातंय," असं वन्सं सांगायच्या. हळद, गूळ आणि शेपूट मी एकाच गाठोड्यात बांधून ठेवलं होतं, अडाणी समजुती म्हणून.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा अफवा. आमच्यातले शेतीवाडीवाले पाहुणे अंगणात बसून वन्संचा अंदाज घ्यायचे, "आक्का, तुमी कोन्च्या बाजूनं?" वन्सं सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "नाव दिल्यानं ज्याचं पोट दुखतंय त्याचं पोट तपासा. नावाला काय झालंय?" त्यानंतर बरेच दिवस ते पाहुणे आमच्याकडं फिरकले नाहीत. चहापत्ती वाचली, एवढंच वन्संचं त्यावरचं भाष्य.

अशात एका कारखान्यानं ढवळीला काम द्यायचं कबूल केलं. गुरुवारी सकाळी ट्रक फाटकाशी उभा राहिला तर बारमाही काम, नाही तर रांगेत दुसरे होतेच. विकलेल्या कळपाचं चीज होणार की माती, हे त्या गुरुवारवर होतं. त्याच आठवड्यात ढवळी सिमेंट घेऊन अजिंठ्याला निघाली. माझं माहेर तिथंच, म्हणून मीही केबिनमध्ये चढले. येताना मंगळवारी गाव सोडलं आणि ढवळीच्या डिझेल पंपानं मान टाकली. बुधवारी बंद जाहीर झालेला. टायर जळणार, रस्ते अडणार. मंगळवारीच शहर गाठलं तर ओळखीचा मिस्त्री बुधवारी आमच्या घरामागं बसून पंप दुरुस्त करून देणार होता. सुदैवानं एक रिकामा ट्रक थांबला, साखळीही निघाली.

आमचा ड्रायव्हर चाँदभाई पाना घेऊन गाडीखाली शिरायला लागला. "भाभी, शाफ्ट खोलना पडता. आपा की ताकीद है."

"किती वेळ लागेल?"

"घंटा-डेढ घंटा. नटां जाम हैं सब."

पुढचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी विचारलं, "गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना?"

"है."

"मग आत काही जोडलेलंच नाही. शेपूट फिरलं काय अन् नाही काय. चाँदभाई, तुमच्या आपा चाकाला हळदसुद्धा लावतात."

त्यानं चाकाच्या हळदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम बोले तो ठीक है भाभी. पढे-लिखे हैं तुम."

सिल्लोडपर्यंत मी केबिनमध्ये राणीसारखी बसले. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. इतका सुखाचा प्रवास मी आधी केला नव्हता. फुलंब्रीच्या अलीकडं खालून बारीक शीळ ऐकू यायला लागली. चाँदभाईनं मान वाकडी करून ऐकलं. साखळी वाजतेय, असं मी त्याला समजावलं. मग जळका वास आला. रानात कुणीतरी धसकटं पेटवलीत, हेही मीच समजावलं. हर्सूल यायच्या आत कडाड्दिशी आवाज झाला, मागची चाकं जागच्या जागी आवळली आणि ढवळी रस्त्यावर दोन काळ्या रेघा ओढत थांबली. समजावण्यासारखं काही उरलं नाही.

पुढं मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा कळलं. इंजिन चालू असतं तेव्हा गिअरबॉक्सच्या तळाचे दाते फिरून ऑइल वर उडवतात. ओढताना इंजिन बंद, तळ गप्प; पण मागची चाकं शाफ्टमधून वरचा दांडा गरागरा फिरवतच राहतात, कोरडा. आधी बेअरिंग जळतं, मग दाते जातात. म्हणजे न्यूट्रलमध्ये निम्मा गिअरबॉक्स झोपलेला असतो आणि निम्मा पळत असतो. मी झोपलेल्या निम्म्याच्या भरवशावर सगळा रस्ता आले होते.

बंदमुळं सुट्या भागांची दुकानं उघडली नाहीत. गुरुवारी फाटकाशी दुसऱ्याचा ट्रक लागला, आणि तोच लागत राहिला.

मंगळवारी संध्याकाळी, शेवटी शेपूट सोडवूनच ढवळी घरी ओढून आणल्यावर, आमच्या यांनी ओसरीवर चाँदभाईला उभं केलं. "शाफ्ट न खोलता ओढा, असं कुणी सांगितलं?" चाँदभाई स्वतःच्या चपला बघत राहिला. त्याची नोकरी जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मी दाराआड सरकले. कोपऱ्यात वन्सं ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्या सांगितलं व्हतं. निघतानाच. घाई आसंल तर नका खोलू म्हनले. चुकलं माझं."

बहीण चुकली तर भावानं काय करायचं असतं, याचा आमच्या यांना सरावच नव्हता. तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर निघून गेले.

ढवळीनं पुढं बरीच वर्षं विटा वाहिल्या, कडबा वाहिला; कारखान्याचं फाटक तिनं पाहिलं नाही. विद्यापीठाचं नाव बदललं, मग शहराचंही बदललं, आणि ढवळी उभी राहायची त्या जागेवर आता इमारत आहे. वन्संनाही जाऊन खूप दिवस झाले. नातवंडं अजून हसत सांगतात, आत्याआजीनं म्हणे एकदा ट्रकचा गिअरबॉक्स जाळला होता. आमच्या घराण्याच्या इतिहासात ती एकच चूक त्यांच्या नावावर आहे, आणि ती माझी आहे.

त्या दिवशी हे बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात परातीवर वाकून रडत होते. वन्सं आत आल्या, परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि पीठ मळता मळता म्हणाल्या, "रडून कणीक खारट करू नको, मॅट्रिक. उद्या मिस्त्री झाकण उघडणार हाय. माझ्यासंगं चल अन् आत काय जळलंय ते डोळ्यानं बघ. पुढल्या येळी चुकायचंच आसंल तर समजून चूक."