मोटारसायकलच्या मागे मैना: कंग्राळीत राहून पाहिलेला एक आठवडा

पुणे सोडून बेळगावजवळच्या खेड्यात राहायला जायचं, असं मी ठरवलं नव्हतं. मी फक्त चाचणी घ्यायचं ठरवलं होतं. माझं काम तेच आहे. हेडफोनवर बोलताना मागचा गोंगाट गाळणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते आणि ते खरंच गाळतं का, हे मी तपासते. मग घर न तपासता कसं घ्यायचं?

कंग्राळी बेळगावच्या उत्तरेला जवळजवळ चिकटून आहे. गावाबाहेर मार्कंडेय नदी, भात आणि भाजीचे मळे, लांब पश्चिमेला निळे डोंगर. शहर मात्र सिटी बसने अर्ध्या तासाच्या आत. एका शेतकरी कुटुंबाने घरावर नवी खोली बांधली होती, ती ओळखीतून आठवड्यापुरती मिळाली. मॅनेजरने अट घातली: गुरुवारी अकरा वाजता सिंगापूरच्या ग्राहकाला प्रात्यक्षिक दाखवायचं. कनेक्शन एकदाही तुटलं नाही तर कायम तिथून काम कर. तुटलं तर सोमवारपासून ऑफिसात. मी ही अट ईमेलवर लिहून घेतली.

कारण विचाराल तर, मला अशी जागा हवी होती जिथे कुणी मला ओळखत नाही. बाकी कारणं खाजगी आहेत.

शनिवार. सकाळी स्वारगेटहून एसटी. महामार्गाचं काम चालू असल्यामुळे कराड ते कोल्हापूर पट्ट्यात वळणरस्तेच जास्त. वेळापत्रकात दीड तास वाढवून धरा. महिलांचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं. म्हणजे कागलच्या पुढच्या नाक्यापर्यंत मी अर्धी होते आणि कर्नाटकात शिरताच पूर्ण झाले. शेजारी बोरगावच्या एक मावशी बसल्या होत्या, त्या निपाणीला उतरणार होत्या. त्यांनी भडंगाची पुडी माझ्यापुढे धरली आणि चौकशी सुरू केली.

"कुठं चाललीस?"

"कंग्राळीला. राहून बघायला."

"कोण हाय तिथं तुझं?"

"कोणी नाही."

"मग कशाला जातीस?"

"म्हणूनच."

मावशींचा हात पुडीतच थांबला. "कुणी नगं म्हणून खेड्यात जातीस व्हय? आगं, खेड्यात समदीच असत्यात!"

निपाणीच्या स्टँडवर चहा चांगला मिळतो, गाडी दहा मिनिटं थांबते. पुढे तवंदीचा घाट, संकेश्वर, मग बेळगाव. तिथून कंग्राळीची सिटी बस. कंडक्टर "मुंदे होग्री, मुंदे" म्हणत सगळ्यांना पुढे ढकलत होते. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, पण आधार कार्डावर पत्ता इथला लागतो. माझ्या कार्डावर पुणे बघून कंडक्टरांनी सहानुभूतीने तिकीट फाडलं. "इकडंच ऱ्हावा की वो मॅडम. फुकटात फिराल."

रविवार ते मंगळवार. घर आप्पा आणि आक्का या दोघांचं. आप्पा साठीचे, कमी बोलणारे. आक्का त्यांच्या वाट्याचंही बोलतात. इकडे बायकाही "मी जातो, मी करतो" असंच म्हणतात; दुसऱ्या दिवशी माझ्या कानांना ते सरळ वाटू लागलं.

मी चाचण्यांचा तक्ता केला होता: पाणी, वीज, इंटरनेट, डास, मुंग्या, दवाखान्याचं अंतर, शांतता, आणि शेवटी "कुणी ओळखत नाही". एकेका रकान्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. वीज दिवसातून दोनदा जायची, पण मी सोबत बॅटरी आणली होती; उत्तीर्ण. जेवणाचा रकाना नव्हता, तो वाढवावा लागला. इथला बासमती शिजायला लागला की वास जिना चढून वर येतो. मुंग्याही त्याच जिन्याने येतात. खाण्याची वस्तू बॅगेत, चेन लावून ठेवा.

शांतता मात्र नापास. पहाटे पाच वाजता कोबी-फ्लॉवरचे टेम्पो मार्केटला निघतात, सहाला भांडी, सातला आक्का.

"दिवसभर त्या डब्यात बघून काय करतीस गं?"

"चुका शोधते."

"कुणाच्या?"

"दुसऱ्यांनी केलेल्या."

"आन् पगार देत्यात?"

"हो."

आक्कांनी गॅलरीतून खाली वाकून शेजारणीच्या घराकडे पाहिलं. "मग आमच्या सुमनला मॅनेजरच करत्याल की!"

घरात मैना नावाची म्हैस होती. शिंगं रंगवायची राहिली होती, पण तेल लावून ती चकचकीत केली होती. मंगळवारी संध्याकाळी त्याचं कारण कळलं. दिवाळीत पाडव्याला इकडे म्हशी पळवतात: सजवलेली म्हैस आपल्या मालकाच्या मोटारसायकलमागे गर्दीतून धावते. दोरी नाही, काठी नाही. फक्त गाडीचा आवाज. त्यासाठी तीन महिने रोज सराव. आप्पांच्या काळ्या मोटारसायकलचा सायलेन्सर काढून ठेवला होता. गाडी सुरू झाली की मैनाने मागे यायचं. हॉर्न वाजला की वेग वाढवायचा. डावा हात वर गेला की अगदी चाकाला चिकटायचं. गाडी बंद झाली की थांबायचं आणि गुळाचा खडा खायचा.

आप्पांनी मळ्याच्या वाटेवर दोन फेऱ्या मारल्या. मैना मागे धावली. एवढं वजन एवढ्या नेमकेपणाने आज्ञा पाळताना मी आधी पाहिलं नव्हतं. मी आप्पांना म्हणाले, "इंटरफेस फार स्वच्छ आहे." आप्पा म्हणाले, "व्हय, आत्ताच धुतलीया."

बुधवार. अर्धी सुट्टी टाकून येळ्ळूरचा किल्ला. शहरातून बस किंवा रिक्षा. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते, त्यामुळे चढण्याचं कौतुक कुणी करून घेऊ नये. वरून एका बाजूला अख्खं बेळगाव दिसतं, दुसऱ्या बाजूला पिकून पिवळी पडत चाललेली भातं. पाऊण तास तिथे मला कुणीही काहीही विचारलं नाही. येताना शहरातून अर्धा किलो कुंदा घेतला, मॅनेजरसाठी. दूध आटवून केलेला हा बेळगावचा पेढ्याच्या जातीचा पदार्थ. घरी आल्यावर तो, मुंग्यांचा नियम पाळून, लॅपटॉपच्या बॅगेत टाकला.

गुरुवार. सगळं तयार होतं. बॅटरी शंभर टक्के, कनेक्शन उत्तम. दहा वाजून चाळीस मिनिटांनी भाताच्या पेंढ्याने शिगोशीग भरलेली एक ट्रॉली घरासमोरून गेली आणि खांबावरची इंटरनेटची वायर सोबत घेऊन गेली. वायर पेंढ्यात अडकून गल्लीच्या टोकापर्यंत सन्मानाने वाहताना मी स्वतः पाहिली. वीज जाण्याची चाचणी माझ्या तक्त्यात होती. पेंढ्याची नव्हती.

खोलीत मोबाइलची रेंज एक काडी. मी खाली धावले. आप्पा डेअरीला दूध घालायला चालत गेले होते. आक्का अंगणात मैनाला धूत होत्या.

"रेंज कुठे मिळते आक्का? फुल्ल?"

"वरच्या मळ्यात, पंपाच्या खोलीपाशी. तिथं आमचा जावई तासतासभर बोलत बसतो."

"किती लांब?"

"दोन किलोमीटर. गाडी घिऊन जा की, किल्ली खिळ्याला हाय."

मला गिअरची गाडी येते, परवाना आहे. हेल्मेट घातलं, बॅग पाठीला लावली, किक मारली. मैनाला धुण्यासाठी सोडलेलं होतं, ही गोष्ट त्या क्षणी आक्कांच्या लक्षात यायला हवी होती. माझ्याही.

गल्लीच्या कोपऱ्यावर आरशात पाहिलं तर आरसा पूर्ण काळा. मला वाटलं आरसा खराब आहे. मग तो श्वास घेऊ लागला.

मी वेग वाढवला. तिनेही वाढवला, तिला तेच शिकवलं होतं. पुढे रस्त्यात कुत्रं झोपलं होतं म्हणून हॉर्न वाजवला. मैना सुसाट. लोकांनी बाजूला व्हावं म्हणून डावा हात वर केला. मैना चाकाला चिकटली. माझी प्रत्येक घाबरट हालचाल तिच्या दृष्टीने अचूक आज्ञा होती. चावडीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"आरं, आप्पाची मैना! कोण पळवालंय?"

"पुण्याची पाव्हणी हाय ती!"

"लई भारी ताई! हॉर्न मार, हॉर्न!"

मी हॉर्न मारला नाही. बाजूच्या स्कूटरवाल्याने, प्रोत्साहन म्हणून, स्वतःचा मारला.

दहा वाजून चोपन्न मिनिटांनी पंपाची खोली. चार काड्या. मी गाडी बंद न करताच कट्ट्यावर बसले, लॅपटॉप उघडला, मोबाइलवरून जोडणी केली. पलीकडे मॅनेजर आणि सिंगापूरच्या ग्राहक बाई. सायलेन्सर नसलेली मोटारसायकल माझ्यापासून दीड मीटरवर धडधडत होती आणि त्यांना तिचा आवाजही ऐकू येत नव्हता. सॉफ्टवेअर तिला पूर्ण गाळत होतं. मी कॅमेरा गाडीकडे वळवून दाखवला. बाई प्रभावित झाल्या. मॅनेजर हसला. हसू टिकेल या विश्वासाने मी गाडी बंद केली.

गाडी बंद म्हणजे गूळ. माझ्याकडे गूळ नव्हता. मैनाने पाच सेकंद वाट पाहिली आणि मग हंबरली.

सॉफ्टवेअरने तो आवाज गाळला नाही. त्याने तो माणसाचा आवाज समजून स्वच्छ केला आणि पलीकडे आणखी मोठा करून पोचवला.

"आणखी कोण आलंय मीटिंगमध्ये?" बाईंनी विचारलं.

"ज्यांनी माइक चालू ठेवलाय त्यांनी बंद करा," मॅनेजर म्हणाला. मैनाने ऐकलं नाही.

मी बॅगेतून कुंद्याचा डबा काढला आणि मोठं ढेकूळ तिच्यापुढे धरलं. शांतता. खोटं बोलून उपयोग नव्हता. मी सांगितलं, "ही म्हैस आहे. आपलं सॉफ्टवेअर तिला माणूस समजतंय. ही चूक मला आत्ता सापडली."

बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा होईल का?" त्यांनी त्यांच्या दोन इंजिनियरांनाही बोलावून घेतलं. डबा दाखवून मागे घेतला की मैना हंबरायची, ढेकूळ मिळालं की गप्प. असं नऊ वेळा झालं. कुंदा संपला. सत्तेचाळीस मिनिटं, कनेक्शन एकदाही तुटलं नाही. बैठक संपल्यावर पडद्यावर फक्त मॅनेजर उरला. मी त्याला त्याचा ईमेल परत पाठवला. तो म्हणाला, "ठीक आहे. राहा तिथेच. आणि तिचे अजून नमुने लागतील."

म्हणजे झालं, असं मला वाटलं. तेवढ्यात आप्पा दावं घेऊन मळ्यात पोचले. घामाघूम. आधी मैनाचे चारही पाय तपासले, मग माझ्याकडे न बघता खिशातला गूळ काढून तिच्यापुढे धरला. मैनाने हुंगला आणि मान फिरवली.

"काय चारलंस हिला?"

"कुंदा."

"किती?"

"अर्धा किलो."

आप्पा कट्ट्यावर बसले. "तीन म्हयनं. तीन म्हयनं गुळावर शिकीवली. पाडवा आठ दिवसांवर आला, आन् तू हिला मिठाई चारलीस." मग उठून मैनाला दावं लावत म्हणाले, "खोली न्हाय मिळायची तुला."

ऑफिस हो म्हणालं होतं; घर नाही म्हणालं.

शुक्रवार. सकाळी मी बॅग भरली. खाली अंगणात आप्पांनी गाडी सुरू केली, हॉर्न वाजवला, हात वर केला. मैना रवंथ करत उभी. पुन्हा सुरू केली. तिने डोळे मिटले. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी मला खूण केली. "जरा तू लाव बघू."

मी हँडल धरलं, किक मारली. मैना दोन पावलांत माझ्या मागे.

"मी काय म्हणतो," आक्का म्हणाल्या, "पाडव्याला हीच पळवल. आन् खोलीबी हिलाच."

"बाईमाणूस म्हैस पळीवणार?" आप्पा.

"मग म्हैस काय बाप्या हाय व्हय?"

मी सांगितलं की मला गर्दी आवडत नाही, ओळखी वाढवायच्या नाहीत, आणि पळवायचीच असेल तर मी हेल्मेटची काच खाली ठेवीन. आक्का म्हणाल्या, "ठेव की. म्हशीवरनं वळखत्यात."

आप्पांनी बराच वेळ गाडीची किल्ली पुसली. मग ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हात वर करताना खांद्यातनं कर. कोपरातनं केलास की ती गोंधळती." आम्ही दोन फेऱ्या मारल्या. मग मी दुपारची गाडी पकडली.

परत पुण्यात. तक्ता पूर्ण केला. शांतता अनुत्तीर्ण, मुंग्या अनुत्तीर्ण, इंटरनेट सशर्त. वायर पाच फूट वर बांधून घ्यायची आहे. "कुणी ओळखत नाही" हा रकाना तर पुसूनच टाकला. बस स्टँडपर्यंत मला सात जणांनी हात केला. तरी बेरजेच्या जागी मी "उत्तीर्ण" लिहिलं. कोणत्या निकषावर, ते अजून शोधते आहे. आतापर्यंत एवढंच सापडलंय की मी मागे वळून न बघता गाडी चालवली आणि मागे कुणीतरी आहे याची मला खात्री होती.

तुम्हीही असं राहून बघणार असाल तर दिवाळीच्या आधी जा, वेळ हाताशी ठेवा, आणि गाडी मागताना आधी गोठ्यात कोण सुटं आहे ते विचारा.

संध्याकाळी पुण्याच्या घरमालकांना फ्लॅट सोडत असल्याचं सांगितलं.

"बेळगावला? कंपनीने बदली केली का?"

"नाही," मी म्हटलं. "तिकडून बोलावणं आलंय."