तंत्रज्ञांच्या रकान्यातलं शून्य

माझी पहिली नोकरी चिकलठाण्याच्या पंपांच्या कारखान्यात. संशोधन विभाग म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आम्ही सहा इंजिनिअर, मागच्या खोलीत चाचणीचे पंप आणि तीन तंत्रज्ञ. त्यांतले सगळ्यात जुने चाचा. ते खुलताबादहून एसटीनं यायचे, हिवाळ्यात डब्यासोबत पेरू आणायचे. चालू पंपावर लांब पेचकसाचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचे आणि म्हणायचे, "बेअरिंग रडतंय." मग आम्ही यंत्रं लावून तेच शोधून काढायचो.

कंपनीचे कारखाने चार देशांत होते. कुठं संशोधनात किती माणसं, किती वाढली, किती घटली, याचा तक्ता दरवर्षी भरायचा असे. इंग्रजी शाळेतली म्हणून तो माझ्याकडे आला. संशोधकांच्या रकान्यात मी सहा लिहिलं. तंत्रज्ञांच्या रकान्यात शून्य. डिग्री नसलेली माणसंही संशोधनात मोजतात हे मला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

महिनाभरानं चारही देशांचे आकडे एकत्र होऊन आले. जर्मनीत इंजिनिअरांपेक्षा तंत्रज्ञच जास्त होते. आमच्या ओळीत माझं शून्य. सोबत मुख्य ऑफिसचं पत्र होतं: जे तिघं पगाराच्या यादीत संशोधन विभागात आहेत पण या तक्त्यात नाहीत, त्यांना एक तारखेपासून उत्पादनात पाठवावं.

चाचांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.  त्यांनी पेचकस फडक्यानं पुसून कपाटात ठेवला, इतकंच.

आमच्या विभागाच्या साहेबांच्या केबिनपाशी मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच आतून हाक मारली.

"बोला मॅडम. दारावर पहारा लावलाय का?"

"सर, ते शून्य माझं आहे."

"कुठलं शून्य?"

मी तक्ता पुढं केला. त्यांनी बराच वेळ पाहिला. "पत्र येऊन आठ दिवस झाले. काय करत होता मग?"

"घाबरत होते."

"बसा. इथंच बसून मुख्य ऑफिसला मेल लिहा."

तीन दिवसांनी बदल्या रद्द झाल्या. मी मागच्या खोलीत गेले आणि चूक कुणाची होती ते सांगितलं. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चार मुल्कांची माणसं मोजती, अन् भिंतीपलीकडचा चाचा दिसला नाय व्हय?"

बाकीचे दोघं हसले.  चाचांनी कपाटातून पेचकस काढून माझ्या हातात दिला. "धर. ऐक."

"नुसती घरघर येतेय, चाचा."

"मग अजून ऐक, बेटा."

दोन वर्षांनी चाचा निवृत्त झाले. जाताना पेचकस मला देऊन गेले. तक्ता अजून मीच भरते, पण आता भरण्याआधी उठून मागच्या खोलीत जाते आणि माणसं मोजते. यंदा तंत्रज्ञांच्या रकान्यात दोन लिहिलं. चाचांच्या जागी कुणी आलेलं नाही. लिहून झाल्यावर पेचकस चालू पंपाला लावून पाहिला. मला अजून घरघरच ऐकू येते.