घाटातला अबोला

ड्रायव्हर-कंडक्टरची गट्टी जमली की ते गप्पा हाणत बसतात आणि गाडीला उशीर होतो, असं आमच्या डेपोतले साहेब म्हणायचे. साहेब तोरणमाळच्या घाटात आमच्या बसने कधी आलेच नाहीत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मी कंडक्टर. माझे ड्रायव्हर ब्राह्मणपुरीकडचे, वयाने मोठे, त्यांना मी भाऊ म्हणते. घाटात एका वळणावर थांबा नाही, पण वरच्या पाड्यातून माणसं उतरतात. तिथे भाऊ वेग कमी करायचे, मी दारातून वर बघायची आणि कुणी दिसलं की "थांबा भाऊ" म्हणायची. घंटीबिंटी काही नाही.

एकदा चहाच्या टपरीवर चारचौघांत भाऊ म्हणाले, आमची कंडक्टरीण घाटात डुलक्या काढते. माझं डोकंच फिरलं. मी अबोला धरला. भाऊही काही कमी नाहीत, त्यांनीही धरला. मग नुसती घंटी.

त्याच संध्याकाळी वर जाताना पाड्यातल्या एकाने गाडी थांबवून सांगितलं, बायकोचे दिवस भरलेत, उद्या सकाळी याच गाडीने तिला शहाद्याला दवाखान्यात न्यायचंय. दोघांनीही ऐकलं. सकाळी मला वाटलं, भाऊ थांबतीलच. भाऊंना वाटलं, मी सांगेनच. वळण मागे पडलं आणि मागच्या सीटवरचा म्हातारा ओरडला. माणसं तिला बांबूच्या झोळीतून घेऊन पळत येत होती.

गाडी वळवायला जागा नव्हती, मागेच घ्यायला हवी होती, आणि एका अंगाला दरी. मी उतरून मागे उभी राहिले, शिट्टी तोंडात धरली. भाऊंनी खिडकीतून डोकं काढलं.

"शिट्टी राहू दे, ताई. तू बोल. तुन्हा आवाजवर गाडी मांगे लेस मी."

"या भाऊ, या... थोडं डावीकडे... या," मी ओरडत राहिले. गाडी माझ्या आवाजाबरोबर इंच इंच मागे आली. इतका विश्वास माझ्यावर घरच्यांनीही कधी टाकला नसेल.

शहाद्यात भाऊंनी बस थेट दवाखान्याच्या फाटकाशी नेली. "वेळेवर आणलंत," नर्स म्हणाली. थोड्याच वेळात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

डेपोत मात्र खूप उशिरा पोचलो. साहेबांची बोलणी कोणी खायची, यावरून आम्ही पुन्हा भांडलो.

"मी सांगस साहेबले," भाऊ म्हणाले.

"नही, मी सांगस!"