घरच्या वेलाची काकडी

रेघ पेन्सिलनेच मारायची, हे मी दरवर्षी घसा कोरडा पडेपर्यंत सांगते आणि दरवर्षी कोणीतरी बॉलपेन काढतंच. अमरावतीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घेते. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या सिलिकाचा पातळ थर असतो. खालच्या टोकाशी रेघ मारून तिच्यावर नमुन्याचा बारीक ठिपका द्यायचा आणि पट्टी झाकणाच्या भांड्यात, तळाशी जेमतेम असलेल्या द्रावणात उभी करायची. द्रावण आपोआप वर चढतं आणि ठिपक्यात जे जे मिसळलेलं असेल ते आपापल्या चालीने त्याच्यामागे निघतं. कोणी मध्येच थांबतं, कोणी वरपर्यंत जातं. बॉलपेनची रेघ मारली की शाईही चालू लागते आणि सगळा सत्यानाश होतो. त्या शनिवारी अशीच एक निळी झालेली पट्टी हातात घेऊन मी एका मुलीला फैलावर घेत होते, तेवढ्यात दारात माझा मोठा भाऊ दिसला.

दादा हिवरखेडला भाजीपाला पिकवतो आणि वहिनी तेल्हाऱ्याच्या बाजारात बसून तो विकते. न कळवता तो कधी येत नाही. हातात दोन पिशव्या होत्या. एक नेहमीची कापडी, माझ्यासाठी आणतो ती. दुसरी प्लास्टिकची, गच्च गाठ मारलेली.

मुलांना घालवलं तेव्हा त्याने तोंड उघडलं. वहिनीचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, बाजाराजवळच राहणारी बाई. तिच्या लहान मुलीने पिशवीतली काकडी येता येता न धुताच खाल्ली, आणि घरी पोचून थोड्या वेळात तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. आता ती अकोल्याच्या दवाखान्यात होती. तिच्या बापाने उरलेल्या काकड्या आणून भरबाजारात वहिनीच्या पुढ्यात आपटल्या होत्या. त्याच ह्या प्लास्टिकच्या पिशवीत.

"मी म्हटलं, काकडीनं का असं होत असते का? घरात पाहा म्हटलं, काय पेली ते," दादा म्हणाला. "मंग तिची आजीच बोलली का सुनेनं डासाचं औषध खालीच ठेवलं होतं. तिचीच चूक हाय. तू फक्त पाहून दे का आमच्या काकडीत काई नाई."

"आणि असलं तर?"

"नाई म्हणतो ना! फवारून आठ-दहा दिवस झाले."

मी त्या बाईचा नंबर मागितला. वहिनीकडे ती फोनवरून भाजी सांगून ठेवायची, म्हणून दादाकडेही तो होता. मी फोन लावला तेव्हा ती दवाखान्यातच होती. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करताहेत, पण पोटात नेमकं काय गेलं ते सांगा म्हणताहेत, असं ती म्हणाली. पुढे तिला बोलता येईना. मागून कोणीतरी बाई तिच्यावर ओरडत होती. दवाखान्याने नमुने सरकारी प्रयोगशाळेत पाठवले होते, पण ते उत्तर यायला वेळ लागणार होता. मी म्हटलं, काकड्या मी तपासते, मला आजची दुपार द्या.

काकडीची सालं बारीक चिरली, द्रावणात घुसळली, गाळली आणि अर्क आटवायला ठेवला. तुलनेसाठी फॉस्फरस गटातल्या एका कीटकनाशकाचा शुद्ध नमुना कपाटात होता. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. काकडीचे स्वतःचेही काही पदार्थ पट्टीवर चढतात, त्यामुळे शेजारी एक स्वच्छ काकडी लावावी लागते, म्हणजे काकडीचं काय आणि औषधाचं काय हे कळतं.

"ज्यावर काहीच मारलं नाही अशी काकडी आता मी कुठून आणू?" मी वैतागून म्हटलं. "अख्ख्या अमरावतीत मिळायची नाही."

"हाय ना!" दादाचा चेहरा उजळला. त्याने कापडी पिशवी उघडली. "तुह्यासाठीच आणल्या. घरच्या वेलाच्या आहेत, विहिरीजवळच्या. त्यायले आपन औषधाचा थेंब लागू देत नाई. लेकरं खातात ना."

मी काकडी घेतली आणि घाईने चिरायला लागले. बरं झालं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

पेन्सिलची रेघ. डावीकडे बाजारची काकडी, मध्ये घरची, उजवीकडे शुद्ध नमुना. काचेच्या केसासारख्या नळीने मी ठिपके दिले तेव्हा नेम चुकू नये म्हणून कोपर टेबलाला टेकवलं होतं. पट्टी भांड्यात सोडली, झाकण लावलं. आता फक्त बसायचं. हे काम घाई केलेली खपवून घेत नाही.

दादा मात्र बसेना. टेबलाभोवती घिरट्या घालत होता. "चढलं काय? पाहू का उचलून?"

"झाकणाला हात लावला तर याद राख!"

ओल वर सरकत होती, पावसाळ्यात भिंतीवर चढते तशी. मी तिच्याकडे पाहत होते आणि मघाचं वाक्य आता कुठे माझ्या कानात शिरत होतं. लेकरं खातात ना. वहिनीचं बाजारातलं बोलणंही आठवलं. गिऱ्हाईक काकडी उलटसुलट करून बघायला लागलं की ती म्हणते, "घ्या बाई बिनधास्त, आमची लेकरंबी हेच खातात." मला राग आला, त्याचा आणि स्वतःचाही, भयंकर आला. मी समोरच्या माणसाची सख्खी बहीण, दर खेपेला त्याच पिशवीतली काकडी मिटक्या मारत खाणारी, आणि ज्या स्वच्छ काकडीशिवाय माझं काम अडलं होतं ती मला एका हाकेवर मिळाली होती.

"दादा, खरं सांग. कधी फवारलं?"

"सांगतलं ना तुले."

पट्टी काढली, वाळवली आणि धूर ओढणाऱ्या कपाटात धरून न दिसणारे ठिपके उमटावेत म्हणून तिच्यावर पॅलॅडियम क्लोराईड फवारलं. क्षणभर काहीच नाही. मनात एक लबाड आशा उठली की काहीच येऊ नये. मग उजवीकडे शुद्ध नमुन्याचा पिवळा-तपकिरी ठिपका उगवला. मधली वाट कोरी राहिली. डावीकडे, अगदी त्याच उंचीवर, ठिपका आला. फिकट नव्हे, चांगला ठसठशीत. आठ-दहा दिवसांपूर्वीच्या फवारणीचा असा ठिपका पडत नाही.

दादाला शास्त्र कळत नाही, पण एकाच उंचीवर आलेले दोन ठिपके कोणालाही कळतात.

"फोन नको करू," तो हळू आवाजात म्हणाला. "घरचीच हायेस ना तू?"

मी फोन लावला. हातमोजे घातलेले होते म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. त्या बाईने डॉक्टरांकडे दिला. मी काय दिसलं ते सांगितलं. हे सरकारी उत्तर नाही, कॉलेजातली पट्टी आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, "अंदाज तोच होता. पण नाव काय? आणि त्यात अजून काही मिसळलं होतं का?"

ते मला खात्रीने सांगता येत नव्हतं. त्याच उंचीवर त्या गटातलं दुसरं औषधही थांबू शकतं. आणि ह्या फवाऱ्याने एका जातीचीच औषधं दिसतात. बाकीची पट्टीवर असली तरी लपून राहतात. मी दादाकडे पाहिलं. तो पट्टीकडे पाहत होता.

"सर," तो एकदम फोनवर वाकला. "म्या फवारलं. काकड्या तोडाच्या आदल्या सांजेले. अळी लय झाली होती, म्हणून एकाच पंपात दोन औषधं मिसळली." त्याने दोन्ही नावं सांगितली. दुसरं नाव डॉक्टरांनी पुन्हा उच्चारून घेतलं. मग पलीकडे कोणालातरी घाईने काही सूचना दिल्या आणि ते गेले.

फोन परत त्या बाईच्या हातात आला. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे मी नाई ना पाजलं तिले काई?" ती विचारत होती. "सारे म्हणून राहिले तर मलेबी वाटाले लागलं होतं का माह्याच हातून झालं असन."

"नाई बाई," दादा म्हणाला. "तुमची काईच चूक नाई. काकडी माह्यी होती."

मला वाटलं, आता ती शिव्या घालेल. मी तरी घातल्या असत्या. ती नुसती रडत राहिली. मग नाक ओढत, काळजीने म्हणाली, "आन् दादा, तुमची लेकरं बरी आहेत ना? वहिनी म्हणतात ना, लेकरंबी हेच खातात. मंग त्यायनंबी हेच काकडी खाल्ली असन."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला उत्तर सुचवलं नाही.